कॅमेऱ्यामागे उभं राहायचंय? फिल्म स्कूल निवडण्याआधी एवढं करा

बी.एस्सी. झाल्यावर मी अंधेरीतल्या एका खासगी संस्थेत सिनेमॅटोग्राफी, म्हणजे छायालेखन, शिकायला गेलो. ऑफिसच्या काचेवर अ‍ॅलेक्सा या महागड्या सिनेमा-कॅमेऱ्याचा माणसाएवढा फोटो चिकटवला होता आणि त्या फोटोवरच मी भाळलो. वर्गात आम्ही बेचाळीस जण. वर्षभरात तो कॅमेरा दोनदा भाड्याने आला, दोन्ही वेळा सोबत अटेंडंट होता, आणि आम्हाला लेन्स बदलायलाही दिली नाही. आम्ही कॅमेऱ्यासोबत सेल्फी काढले. वडिलांनी एफडी मोडून फी भरली होती. घरी काय शिकलास विचारलं की मी तो सेल्फी दाखवायचो.

पुढे सरकारी संस्थेची प्रवेश परीक्षा दिली. पहिल्या वेळी लेखीतच गळलो, दुसऱ्यांदा आत गेलो. आता जयसिंगपूर-इचलकरंजीकडून पोरापोरींचे फोन येतात, "दादा, कुठली संस्था चांगली?" मी त्यांना एकच उलटा प्रश्न विचारतो: तिथे तुझ्या स्वतःच्या हाताने किती सीन लाईट होणार, म्हणजे किती सीनची प्रकाशयोजना तू करणार? याचं उत्तर आकड्यात मिळेपर्यंत फी भरू नका. ते उत्तर मिळवायचं कसं, त्यासाठी खालच्या पायऱ्या.

१. आधी ठरवा: शाळा की सेट?

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला, तेव्हा शिकायला शाळाच नव्हती. अशोक मेहतांसारखा दिग्गज छायालेखक स्टुडिओत मिळेल ते काम करत वर आला. उलट व्ही. के. मूर्ती आणि गोविंद निहलानी हे दोन्ही छायालेखक बंगळुरूच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये रीतसर शिकले, आणि शिकून आल्यावर निहलानींनी मूर्तींकडेच असिस्टंट म्हणून काम केलं. म्हणजे शाळेत गेल्याने सेटवरची उमेदवारी चुकत नाही. डिप्लोमा हातात घेऊन कोणी थेट डीओपी (फिल्मचा मुख्य छायालेखक) होत नाही, हे घरच्यांनाही आत्ताच सांगून ठेवा.

सेटचा रस्ता असा: भाड्याने कॅमेरे देणाऱ्या कंपनीत अटेंडंट, मग फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा), मग असिस्टंट, असोसिएट आणि पुढे डीओपी. मुंबईत या कामासाठी वेस्टर्न इंडिया सिनेमॅटोग्राफर्स असोसिएशनचं, म्हणजे 'विका'चं कार्ड लागतं, त्याचे नियम आधी समजून घ्या. सेटवर वेग शिकायला मिळतो. शाळेत चुकायला मिळतं. सेटवर एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते माप) चुकलं तर निर्मात्याचे पैसे जातात आणि तुमचं पुढचं काम जातं. शाळेत चुकलं तर सगळ्यांसमोर पडद्यावर दिसतं, मास्तर फाडून खातात आणि दुसऱ्या दिवशी परत करता येतं. माझ्या मते तीन वर्षं शाळेत घालवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

घराची जबाबदारी अंगावर असेल, तीन वर्षं कमाईशिवाय निघणार नसतील, तर छोटा कोर्स आणि सेट हा मार्ग कमीपणाचा नाही. पुण्याची एफटीआयआय, म्हणजे केंद्र सरकारची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, 'स्किफ्ट' या उपक्रमात २०१७ पासून वेगवेगळ्या शहरांत छोटे कोर्स घेते. सिनेमाची समज वाढवायला तिथलाच फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स उत्तम. पण यातल्या कशानेही कोणी छायालेखक होत नाही. आपल्याला हे खरंच करायचंय का, एवढं मात्र कळतं.

ते घरीही कळतं. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, एकच बल्ब वायरने हातात घ्या आणि आजीला खुर्चीत बसवा. बल्ब समोर, बाजूला, वर, खाली, मागे, पडद्याआड धरून फोटो काढत बसा. दोन तासांनी आजी कंटाळेल. तुम्हीही कंटाळलात, तर तुम्हाला बहुधा कॅमेरा आवडतो, सिनेमॅटोग्राफी नाही.

२. पात्रता आणि डोळे

एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था, म्हणजे एसआरएफटीआय, या दोन्हींच्या सिनेमॅटोग्राफीच्या मुख्य अभ्यासक्रमाला पदवी लागते. शाखा कोणतीही चालते. कला शाखेचा मुलगा 'आम्हाला कुठलं फिजिक्स' म्हणून मागे हटतो, ते चूक आहे. लागणारं फिजिक्स आठवी-दहावीचंच असतं. दिवा दुप्पट लांब नेला की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप उतरतात (एक स्टॉप उतरला की उजेड निम्मा). एवढं ज्याच्या अंगात मुरलं तो निम्मी लढाई जिंकला.

रंगांधळेपणाबद्दल खूप गैरसमज आहेत. एफटीआयआयमध्ये पूर्वी अशा उमेदवारांना काही विषयांत प्रवेश नाकारला जायचा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रंगांधळेपणावरून कुठल्याही अभ्यासक्रमाचं दार बंद करू नये. तरीही डोळे आधी तपासून घ्या. दार उघडं असलं तरी आपल्याला कुठले रंग कसे दिसतात ते माहीत असलेलं बरं. इतर संस्थांचे नियम वेगळे असू शकतात, ते लेखी विचारा.

३. संस्थांची यादी करा, पण रांग लावू नका

पहिल्या खणात केंद्र सरकारच्या दोन संस्था. एफटीआयआय १९६० साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. प्रभातचा जुना शूटिंग फ्लोअर आजही तिथे आहे. एसआरएफटीआय १९९५ ची, कोलकात्यात ईएम बायपासला लागून. दोन्हीकडे तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मोजक्या जागा, वसतिगृह आणि खासगीच्या मानाने बरीच कमी फी. पुण्याचं आपल्याला घरचं वाटतं म्हणून कोलकात्याचा फॉर्म न भरणारे पुष्कळ मराठी विद्यार्थी मी पाहिलेत. तो भरा. भाषेची भीती बाळगू नका, देशभरातली मुलं असतात आणि कामापुरतं हिंदी-इंग्रजी सगळ्यांचंच मोडकं असतं.

दुसऱ्या खणात राज्यांच्या संस्था. चेन्नईची एमजीआर संस्था, कोट्टायमजवळची के. आर. नारायणन संस्था, बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याची सरकारी संस्था (मूर्ती-निहलानींच्या पॉलिटेक्निकचाच पुढचा वंश). इथे स्थानिक विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असू शकतात. महाराष्ट्राच्या डोमिसाईलवर किती जागा उरतात ते फॉर्मचे पैसे भरण्याआधी बघा.

तिसऱ्या खणात खासगी. मुंबईच्या फिल्मसिटीतली व्हिसलिंग वूड्स, चेन्नईत एल. व्ही. प्रसाद अकादमी आणि छायालेखक राजीव मेनन यांची माइंडस्क्रीन, पुण्यातली खासगी विद्यापीठं, शिवाय अंधेरी-गोरेगावातल्या गल्लोगल्ली असलेल्या असंख्य 'अकादम्या'. या खणात सोनंही आहे आणि पितळही. एखाद्या संस्थेचं नाव मोठं आहे म्हणून तुमचा कोर्स चांगला असेलच असं नाही. एकाच छताखाली दिग्दर्शनाचा विभाग जोरात आणि कॅमेऱ्याचा मरगळलेला असू शकतो.

४. वही काढा आणि गणित करा

हा या लेखाचा गाभा. माहितीपत्रकात कॅमेऱ्यांची नावं असतात, ती वाचूच नका. खालचे प्रश्न विचारा.

पहिला: तीन वर्षांत मी किती वेळा डीओपी म्हणून काम करणार? असिस्टंट म्हणून किंवा 'ग्रुप प्रोजेक्ट'मध्ये केलेलं इथे धरायचं नाही. समजा वर्गात ४० जण आहेत, पाच-पाच जणांचे ८ गट केले आणि प्रत्येक गटाने वर्षात २ फिल्म केल्या. फिल्म झाल्या १६. म्हणजे २४ जणांनी वर्षभरात एकही फिल्म शूट केली नाही. ते उजेड परतवायला थर्माकोल धरून उभे राहिले. आता दुसरी संस्था घ्या, वर्गात १०-१२ जण आणि प्रत्येकाला स्वतःचा कंटिन्युइटी एक्सरसाइज (शॉटला शॉट जुळवायचा सराव), डायलॉगचा एक्सरसाइज आणि शेवटी डिप्लोमा फिल्म. तिथला कॅमेरा पाच वर्षं जुना असला तरी डोळे मिटून तिकडे जा. कॅमेरे दर दोन वर्षांनी बदलतात, खिडकीतून येणारा उजेड बदलत नाही.

दुसरा: लाईट कुठले आहेत आणि किती? 'आमच्याकडे अमुक कॅमेरा आहे' सांगणाऱ्या माणसाला लाईटची यादी मागा. नव्वद टक्के वेळा तो गडबडतो (टक्केवारी माझ्या अनुभवाची, मोजलेली नाही). एचएमआय (दिवसाच्या उजेडासारखा मोठा दिवा) आहे का, टंगस्टनचे, म्हणजे पिवळ्या उजेडाचे, बेबी-सोलर दिवे अजून ठेवलेत की सगळं एलईडीवर गेलं, ग्रिपचं (कॅमेरा हलवायचं-बसवायचं) सामान किती, ट्रॉली-ट्रॅक चालू स्थितीत आहे का, उजेड अडवायचे कटर आणि स्टँड पुरेसे आहेत का. लाईट मीटर (उजेड मोजायचं यंत्र) शिकवतात का हेही विचारा. मॉनिटरवर बघून लाईट करणारे सगळेच असतात. मॉनिटर लागण्याआधी सीनचा उजेड डोक्यात मांडणारा तयार व्हायचा तर मीटर लागतो.

तिसरा: बाकीचे विभाग आहेत का? फक्त कॅमेऱ्याचा कोर्स असलेल्या ठिकाणी दिग्दर्शन कोण करणार? तुमचाच वर्गमित्र, हौसेने. ध्वनी, संकलन, कला-दिग्दर्शन शिकणारी मुलं शेजारी असली की तुमची फिल्म सुधारते, आणि पुढची वीस वर्षं काम देणारी माणसंही तीच असतात. मला आजवर मिळालेल्या कामांतली निम्मी कामं वसतिगृहात माझा डबा पळवणाऱ्यांनी दिलेली आहेत.

चौथा: शिकवतं कोण? 'गेस्ट फॅकल्टी'च्या भिंतीवर मोठमोठे चेहरे असतात, ते वर्षातून एकदा येऊन दोन तास आठवणी सांगतात. कायम शिकवणारे कोण, गेल्या तीन वर्षांत किती बदलले, ते विचारा.

पाचवा: सामानाचं स्टोअर कधी उघडं असतं? हसू नका. सामान सकाळी दहाला मिळून संध्याकाळी पाचला परत करायचं असेल तर तुम्ही तीन वर्षांत एकही पहाट शूट करणार नाही. रात्रीच्या शूटची परवानगी, सामान तुटल्यास भरपाई कोणाची, विमा आहे का, हे सगळं याच प्रश्नात येतं.

सहावा: कोर्स वेळेत संपतो का? सरकारी संस्थांत तीन वर्षांचे चार-पाच झाल्याची उदाहरणं आहेत. सीनिअरना विचारा, कार्यालयाला नको.

मुलींनी आणखी एक विचारावं: गेल्या काही बॅचमध्ये कॅमेऱ्याला मुली किती होत्या आणि त्या आता काय करतात? 'कॅमेरा जड असतो' हे ऐकायला मिळेलच. मला न उचलता येणारा जिबचा (कॅमेऱ्याच्या छोट्या क्रेनचा) डबा माझी बॅचमेट उचलायची, पण ते सोडा. इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह ही संघटना २०१७ मध्ये उभी राहिली. तिथल्या छायालेखिकांचं काम बघा, जमलं तर त्यांच्याशी बोला.

या प्रश्नांची उत्तरं कार्यालयात मिळत नाहीत, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मिळतात. एक दिवस काढून जा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजा. प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळेच छान बोलतात.

५. त्यांच्या फिल्म बघा, मोबाईलवर नको

विद्यार्थ्यांच्या फिल्म पुण्याच्या पिफ, गोव्यातल्या इफ्फी, मुंबईच्या मिफ या चित्रपट महोत्सवांत बघायला मिळतात. संस्थेच्या यूट्यूब चॅनलवरच्या बघायच्या तर निदान टीव्हीवर, खोलीत अंधार करून.

गोष्ट सोडून द्या, तीन गोष्टी बघा. रात्रीच्या घरातला सीन: काळोख काळा आहे की करडा-मळकट? सावळ्या चेहऱ्याचा माणूस: कातडीचा रंग जिवंत आहे की राखेसारखा? आणि एकाच बॅचच्या चार फिल्म सलग बघा. चारही सारख्याच दिसत असतील, तर त्या मुलांनी लाईट केलेल्या नाहीत, मास्तरांनी किंवा भाड्याने आणलेल्या गॅफरने (दिव्यांच्या प्रमुखाने) केल्यात. मला वाईट दिसणाऱ्या पण चार वेगळ्या फिल्म जास्त आवडतील.

६. पैशाचा हिशोब

फी हा खर्चाचा एक भाग. फिल्मचा निर्मितीखर्च संस्था देते की विद्यार्थी, हे लेखी घ्या. खासगीत बऱ्याचदा नटांचं जेवण, लोकेशन, प्रवास, जादा लाईटचं भाडं तुमच्या खिशातून जातं. माझ्या पहिल्या संस्थेत 'सर्व समाविष्ट' म्हटलं होतं, त्यात जनरेटर समाविष्ट नव्हता.

शैक्षणिक कर्जाला बँक संस्थेची मान्यता विचारते. डिप्लोमा कोण देतं? विद्यापीठ, सरकारी मंडळ, की संस्थाच स्वतःच्या लेटरहेडवर? तिसऱ्या प्रकारात बँक बहुधा हात वर करते. बँकेत आधी जा, संस्थेत नंतर. 'आजच सीट बुक करा, सवलत फक्त शुक्रवारपर्यंत' असं सांगणाऱ्या ठिकाणी तर शनिवारीच फोन करा, सवलत तेवढीच असते. आणि प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतात, तो नियम छापील असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

७. कागदपत्रं

दरवर्षी यात चांगली मुलं अडकतात. फॉर्म निघायची वाट न बघता फाईल तयार ठेवा:

– दहावी, बारावीची आणि पदवीच्या सर्व वर्षांची गुणपत्रकं. शेवटच्या वर्षाला असाल तर कॉलेजचं तसं पत्र
– पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन सर्टिफिकेट
– आधार, फोटो, सहीचा स्कॅन
– डोमिसाईल, विशेषतः राज्यांच्या संस्थांसाठी
– शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
– जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, लागू असेल ते

शेवटच्या ओळीत खरा सापळा आहे. केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं. सेतू केंद्रात 'नॉन-क्रिमीलेयर द्या' म्हटलं की बहुतेक वेळा राज्याच्या नमुन्यातलं मिळतं आणि पडताळणीच्या दिवशी ते चालत नाही. मागतानाच 'सेंट्रलचं' म्हणा. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा. व्हीजे-एनटी हा वेगळा प्रवर्ग केंद्रात नाही, त्यातल्या बऱ्याच जाती केंद्रात ओबीसीत मोडतात. महाराष्ट्राचं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या संस्थेत लागू होत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो, गेल्या वर्षीचा घेऊन गेलात तर परत पाठवतील. माझ्यासोबत मुलाखतीला आलेल्या एकाची जागा नेमकी अशी गेली. तहसीलला पंधरा दिवस धरून चाला आणि मनात महिना धरा.

८. परीक्षा आणि मुलाखत

लेखी परीक्षेत सामान्यज्ञान आणि विषयाची जाण, दोन्ही तपासतात. पद्धत बदलत असते, त्यामुळे चालू वर्षाचं माहितीपत्रकच वाचा आणि मागच्या प्रश्नपत्रिका सोडवा. क्लासवाल्यांच्या 'गॅरंटीड' नोट्स मी घेतल्या होत्या. त्यातली निम्मी पानं सिनेमाच्या इतिहासातल्या सनावळ्यांची होती, आणि त्याच वर्षी मी गळलो. दुसऱ्या वेळी नोट्स सोडून मॅन्युअल मोडवर कॅमेरा चालवायला शिकलो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक), शटर (उजेड आत येण्याचा वेळ), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) यांतलं एक बदललं की दुसरं किती बदलायचं ते तोंडपाठ हवं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाईटखाली शटर १/५० ठेवलं की चित्र लुकलुकत नाही. असं का, ते स्वतः शोधून काढा.

पोर्टफोलिओ मागितला तर दहा-बारा फोटो पुरे. सूर्यास्त, मावळे, बोटीतले कोळी नकोत. एकच खोली सकाळी सातला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला, असे तीन फोटो जास्त बोलतात. प्रत्येक फोटोत उजेड कुठून येतो, तुम्ही काय अडवलं, काय येऊ दिलं, हे सांगता आलं पाहिजे.

मुलाखतीत मला आवडता छायालेखक विचारलाच नाही. समोरच्या सरांनी विचारलं, "या खोलीत आत्ता उजेड कुठून येतोय?" मी खिडकी दाखवली. "आणि माझ्या हनुवटीखाली?" मी गप्प. मग लक्षात आलं, टेबलावर पांढरे कागद पसरले होते, त्यावरून उजेड वर उडत होता. ते सांगितलं. उरलेली मुलाखत मोडक्यातोडक्या हिंदीत गेली आणि कोणाचं काही अडलं नाही. जे पाहिलेलं नाही त्याचं नाव घेऊ नका. 'कोणता शॉट?' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

९. परदेशी जायचं असेल तर

पोलंडमधली वूच, प्रागची फामू, इंग्लंडची एनएफटीएस, लॉस एंजेलिसची एएफआय ही छायालेखनासाठी नावाजलेली ठिकाणं. गणित तेच, फक्त शून्यं वाढतात. परदेशी शिष्यवृत्त्यांच्या अनेक योजना विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीवर चालतात आणि स्वतंत्र फिल्म स्कूल त्या क्रमवारीत बहुधा नसतात. शिष्यवृत्ती गृहीत धरून अर्ज करू नका. इथे काही वर्षं काम करून मग जावं, असं माझं मत आहे.

१०. प्रवेश मिळाला? बॅगेत काय

स्वतःचा कॅमेरा घेण्याची घाई करू नका. हे घ्या: चामड्याचे हातमोजे, कारण टंगस्टनचा दिवा बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. रबरी तळव्याचे बूट. छोटी टॉर्च. मोजायची टेप, फोकससाठी. ब्लॅक टेपचा एक रोल, त्यावर मार्करने नाव टाकून, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो तुमचा राहत नाही. दोन काळे टी-शर्ट, कारण पांढऱ्या शर्टवरून उजेड उडतो आणि क्लोज-अपमध्ये नटाच्या गालावर तुमचा शर्ट दिसतो. आणि एक्स्टेंशन बोर्ड. वसतिगृहाच्या खोलीत प्लग एक असतो आणि बॅटऱ्या चार.